संदर्भ हवा

४ फेब्रुवारी

छोट्या,

फोनवर मी तुला चालत नाही आणि माझे मेल तू न वाचताच उडवतोस, असं तुझ्या बायकोने मला अगदी गोड आवाजात सांगितलं. तेव्हा हा कागद. कागद उडवायला निदान उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागतं, आणि तू मुळात आळशी.

सरळ मुद्द्यावर येते. तुझं खातं मी बंद केलेलं नाही. त्या ऑनलाइन ज्ञानकोशात कुणावर बंदी घालायचा अधिकार प्रचालकांना असतो, मी फक्त रेल्वे प्रकल्पाची समन्वयक. म्हणजे कुठल्या मार्गाचा लेख कोण लिहिणार, कुठल्या स्टेशनाच्या लेखात काय कमी आहे, कोण कुणावर रुसलंय, एवढं बघणारी बिनपगारी बाई. मी तुझा बदल उलटवला, हे खरं. सकाळी छापखान्यात जायची घाई होती, पाठ्यपुस्तकाची प्रुफं वाट बघत होती, आणि 'सत्यवचनी' नावाच्या कुणीतरी आमच्या लेखातलं संदर्भ दिलेलं वाक्य उडवलं होतं. हे रोजचंच आहे. लोकांना आपल्या गावच्या स्टेशनाला चार फलाट हवे असतात. ते घालतात, आम्ही काढतो. तू ते वाक्य पुन्हा उडवलंस, दुसऱ्याने ते परत आणलं. मग 'सत्यवचनी२' आला. मग 'सत्यवचनी३'. अरे, सोंग घ्यायचं तर निदान नाव तरी बदलायचं! बदलाचं कारण म्हणून 'मास्तर निर्दोष आहेत, आता झोपा' असं लिहिलेलं वाचलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भांडण जिंकलं की पांघरूण ओढून 'आता झोपा' म्हणणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

तोवर तुझ्यावर बंदी आली होती. मग मी लेखाच्या चर्चापानावर जाऊन लिहिलं की हा माझा भाऊ आहे, आणि लेखातले स्टेशन मास्तर आमचे वडील आहेत. याचाच तुला सगळ्यात जास्त राग, हे मला कळतं. आता नियमाने मी त्या लेखाला हात लावू शकत नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचे हात बांधून घेतले, असं तू म्हणालास आणि फोन आपटलास. मग काय करायला हवं होतं? गप्प बसून चोरून खोडायला हवं होतं?

ते वाक्य तुला पाठ असेल. मलाही आहे. 'स्टेशन मास्तरांच्या निष्काळजीपणामुळे हा अपघात घडला.' पुढे एक बारीक आकडा, आणि आकड्यावर बोट ठेवलं की अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रातली बातमी. बाबांचं नाव त्यात नाही. पण त्या स्टेशनावर त्या वेळी मास्तर एकच होते, आणि ते आत्ता आतल्या खोलीत उशीला टेकून बसलेत.

तू लिहितोस तसं बाबांनी काही केलंच नाही, असंही नाही. सिग्नल त्यांनीच दिला. केबिनमधून, गाडीचे रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याने 'सांधा मेन लाइनला लावला' असं कळवलं, म्हणून दिला. सांधा लावलेला नव्हता. तो बाजूच्या, मालगाडी उभी होती त्या रुळालाच होता. बिचाऱ्याची पोरगी तापाने फणफणलेली, दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. चूक लक्षात आली तेव्हा तो सांध्याकडे धावत सुटला आणि त्या धडकेत तोही गेला. चौकशी झाली, बाबांना सन्मानाने परत कामावर घेतलं, आणि अहवाल कुठल्यातरी कपाटात जाऊन पडला. वर्तमानपत्राने पहिल्या दिवशी लिहिलं ते लिहिलं. पुढचं छापायला कुणाला वेळ झाला नाही.

आता मला सांग, यातलं मी कशाच्या आधारावर लिहू? आमच्याकडे छापील संदर्भ लागतो. घरच्या माणसाची आठवण चालत नाही. हा नियम नव्या स्वयंसेवकांना मीच शिकवते, मोठ्या तोऱ्यात शिकवते. आणि तो नियम चांगला आहे, छोट्या. तो नसता तर प्रत्येक स्टेशनाला चार फलाट झाले असते.

उत्तर पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

ताई


२१ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं कार्ड मिळालं. 'काढून टाक. बाकी काही लिहू नकोस.' पाच-सहा शब्दांसाठी एवढं महागाचं तिकीट लावलंस. पण अक्षर बघून बरं वाटलं.

बाकी काही लिहू नकोस म्हणालास, म्हणून बाकीचंच लिहिते. बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टर तपासून झाल्यावर माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत बोलतात, यावरून काय ते समज. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीवरून खाटेवर, एवढाच त्यांचा प्रवास. पायांवर सूज आहे. जीभ मात्र शाबूत आहे. काल मला म्हणाले, "तुझ्या चहात चहा सोडून सगळं असतं."

तुला माहीत नसेल, पण गेली दोन वर्षं ते आमच्या प्रकल्पाचे गुपचूप तपासनीस होते. सकाळी माझा टॅब मांडीवर घ्यायचे आणि आम्ही लिहिलेले लेख वाचायचे. "हा मार्ग आधी अरुंद होता, लिहिलंय का?" "या स्टेशनात पाणी भरायला इंजिन थांबायचं, ते कुठाय?" मी म्हणायची, बाबा, संदर्भ? ते म्हणायचे, "मी आहे ना." मग आम्ही दोघं हसायचो, आणि मी पुस्तकं धुंडाळून कुठेतरी तेच छापलेलं शोधून काढायची. बहुतेक वेळा सापडायचं. बाबांचं सांगणं आणि पुस्तक यांच्यात चूक निघाली तर ती पुस्तकाची निघायची. आमच्यातला एक जण आहे, फलाटदादा म्हणतो आम्ही त्याला, प्रत्येक फलाटाचा फोटो काढायचं वेड आहे त्याला. तो एकदा मीटिंगमध्ये म्हणाला, "तुमचा तो जुना जाणकार कोण हो? त्याला प्रकल्पात ओढा की." मी म्हटलं, तो फार बिझी असतो.

आणि मग एका सकाळी, मी आंघोळीला गेले असताना, बाबा अपघातांच्या लेखांपर्यंत पोचले. ती यादी मीच काढली होती. तिथले लेख सुधारायचे म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. जुन्या बातम्या शोधा, संदर्भ जोडा. ते वाक्य त्या उत्साहात कुणीतरी घातलं. बाहेर आले तर टॅब पालथा ठेवलेला आणि बाबा भिंतीकडे बघतायत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. डोळे दुखतायत." त्या दिवसापासून त्यांनी टॅब मागितलेला नाही. हेच मी तुला फोनवर सांगितलं, आणि तू सत्यवचनी झालास. मला राग येत नाही रे तुझा. मी तुझ्या जागी असते, नियम माहीत नसते, तर मीही हेच केलं असतं.

रेल्वेच्या ऑफिसात चौकशीच्या अहवालाची प्रत मागितली. तिथले साहेब फार सभ्य. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एवढी जुनी कागदपत्रं नियमाप्रमाणे नष्ट केली जातात असं सांगितलं. मी म्हटलं, नष्ट केल्याचं तरी लिहून द्या. तेही नियमात बसत नव्हतं. वर्तमानपत्राच्या ऑफिसात गेले, तर तिथे आता फर्निचरचं दुकान आहे.

आपली सिस्टर रोज सकाळी येते, बाबांचं ब्लडप्रेशर बघते, इंजेक्शन देते. हो, तीच, सांधेवाल्याची पोरगी. दोन मुलांची आई झाली आता, पण बाबांना अजून 'मास्तरकाका' म्हणते, आणि ते तिचं निमूट ऐकतात. मी सांगितलं तर मीठ सोडत नाहीत, तिने डोळे वटारले की सोडतात. आपला बाप गाडी वाचवायला धावला, एवढंच तिला ठाऊक आहे. बाबांनीच तिला तसं सांगत वाढवलं. खोटंही नाही ते.

ताई


१४ मार्च

छोट्या,

वाट सापडली! हे पत्र बसून वाच.

गेल्या आठवड्यात प्रकल्पाची मीटिंग होती, स्क्रीनवर, प्रत्येक जण आपापल्या घरातून. शेवटी मी न राहवून विषय काढला. मी त्या लेखाला हात लावू शकत नाही, पण विचारू तर शकते. मी विचारलं, एक साक्षीदार जिवंत आहे, पण त्याचं म्हणणं कुठे छापलेलं नाही, तर काय करायचं? सगळ्यांना माहीत होतं कुणाबद्दल बोलतेय. मग फलाटदादा घसा साफ करून म्हणाला, "मग छापून आणा की. एखाद्या चांगल्या वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत घेतली, तर ती संदर्भ होते. मी स्वतः लेखात घालतो. दोन्ही बाजू येतील."

एवढं साधं! आणि मी दोन महिने कपाटं धुंडाळत फिरतेय. आपल्याच नाकाखालचं दिसत नाही, ते असं.

पुस्तकांच्या निमित्ताने एका बातमीदार बाईंशी माझी ओळख आहे. जुन्या रेल्वेमार्गांवर रविवारच्या पुरवणीत लिहितात, नीट विचारून, नीट तपासून लिहितात. त्यांना फोन केला. त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, "अपघात झाला तेव्हाचे मास्तर हयात आहेत? मी उद्याच येते." मी म्हटलं उद्या नको, त्यांना तयार होऊ द्या.

बाबांना सांगायला धीर होत नव्हता. दोन दिवस घोळवलं, मग चहा देता देता सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी जे सांगीन ते छापतील?" म्हटलं, जसंच्या तसं. "आणि तुमच्या त्या कोशात येईल?" म्हटलं, येईल बाबा, तुम्ही सांगितलंत की येईल. मग म्हणाले, "बरं. दाढी करायला लागेल."

त्यांनी टॅब मागितला रे छोट्या! मार्गाचे नकाशे उघडून बसले. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवले. मुलाखत छापून आली की तुझी बंदी उठवा असं मी प्रचालकांना लिहिणार आहे. तोवर कृपा करून 'सत्यवचनी४' होऊ नकोस.

ताई


२९ मार्च

छोट्या,

मुलाखत झाली. कसं लिहू कळत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. बाई समोर, मी स्टुलावर. फोन मध्ये ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. सुरुवातीला बाबा छान बोलले, दिव्यांचे रंग, धुक्यातल्या गाड्या, केबिन आणि ऑफिस यांच्यातला तो खरखरणारा फोन. बाई मनापासून हसत होत्या. मी मनात म्हणत होते, आलं आता, आलं.

तेवढ्यात सिस्टर आली. नेहमीपेक्षा उशिरा आली, दुसऱ्या पेशंटकडे अडकली होती. ब्लडप्रेशरचं मशीन छातीशी धरून दारातच उभी राहिली, खुणेनेच म्हणाली, चालू द्या, मी थांबते. मी तिला आत जाऊन बस म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण काय म्हणून सांगणार होते तिला?

बाईंनी विचारलं, "त्या दिवशी केबिनमधून काय निरोप आला होता?"

बाबा दाराकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "केबिनमधला माणूस म्हणाला, थांबा, सांधा अजून लागलेला नाही. मी थांबलो नाही. गाडीला आधीच उशीर झाला होता. मी सिग्नल देऊन टाकला."

मी म्हटलं, "बाबा."

"मध्ये बोलू नकोस," म्हणाले. पोरांना दटावायचे त्याच आवाजात. मग बाईंकडे वळून, "चूक माझी होती. पेपरात तेव्हा आलं ते बरोबर होतं. पण एक गोष्ट राहिली, ती आता लिहा. तो माणूस गाडी वाचवायला सांध्याकडे धावला. पळून जाऊ शकला असता, त्याला वेळ होता. धावत गेला आणि मेला. हे आजपर्यंत कुणी छापलेलं नाही. हे ठळक छापा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं, सांग. बाबा खोटं बोलतायत, खरी चूक या दारातल्या मुलीच्या बापाची होती, तिच्याच तापापायी तो जागा होता, असं म्हणायला हवं होतं? तिच्यासमोर? सिस्टर रडत होती, मशीन धरून, आवाज न करता. मग पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि बाबांच्या दंडाला पट्टा बांधायला लागली. तो पट्टा काही लागेना. बाबा म्हणाले, "सावकाश. मला कुठे जायचंय."

बाई निघाल्या तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, हे असं छापू नका. त्या म्हणाल्या, "का? चुकीचं आहे का काही?" मी कठड्यावरची धूळ पुसत राहिले. "तुमच्याकडे दुसरं काही कागद, अहवाल असं आहे?" नव्हतंच. मग त्या हळूच म्हणाल्या, "मुलगी म्हणून तुम्हाला वाईट वाटणारच हो. पण त्यांचं मन मोकळं झालं असेल." मी मान हलवली. मान हलवण्याशिवाय माझ्या हातात दुसरं काही राहिलेलंच नाही.

संध्याकाळी बाबांशी भांडले. एवढ्या आजारी माणसाशी भांडले. म्हटलं, तुम्ही त्या मुलीला वेगळं काहीतरी सांगू शकला असता, नुसतं 'आठवत नाही' म्हणू शकला असता. म्हणाले, "आठवत नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता. तिने आईला विचारलं असतं, आई तिची कच्ची आहे, तिने सांगून टाकलं असतं." सगळा विचार आधीच झालेला होता. म्हटलं, आणि आमचं काय? माझं, छोट्याचं? तर म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना खरं काय ते? मग झालं तर."

झालं तर! मला एवढा राग आला की भांडी आपटत धुतली.

ताई


१२ एप्रिल

छोट्या,

मुलाखत छापून आली. अर्धं पान. मथळा: 'चूक माझीच होती.' शेजारी बाबांचा फोटो, इस्त्रीच्या शर्टातला, नुकती दाढी केलेला. प्रुफाची एकही चूक नाही. मी शोधली.

फलाटदादाने कबूल केल्याप्रमाणे लेखात घातलं, त्याच दिवशी. जुनं वाक्य तसंच, आता त्याला दोन आकडे. पुढे नवीन वाक्य: 'तत्कालीन स्टेशन मास्तरांनी नंतर एका मुलाखतीत आपली चूक मान्य केली.' आणि त्याच्यापुढे सांधेवाल्याचं, तो धावला ते. छान लिहिलंय, खरं सांगायचं तर. मीही तसंच लिहिलं असतं. मग चर्चापानावर त्याने माझ्यासाठी निरोप ठेवला. 'ताई, तुमच्यासाठी हे किती कठीण गेलं असेल याची कल्पना आहे. घरचं प्रकरण असूनही तुम्ही सत्याची बाजू घेतलीत. एवढा भक्कम संदर्भ क्वचितच मिळतो. प्रकल्पातर्फे मनापासून आभार.' खाली दहा-बारा जणांच्या सह्या, फुलं, टाळ्या. लेखाचा दर्जा वाढला, पुढच्या आठवड्यात तो ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर जाणार आहे.

मी उत्तर लिहिलं, 'धन्यवाद.' बराच वेळ बसून एवढंच लिहिलं. खरं लिहायला गेले असते तर त्याने मला अगदी अदबीने विचारलं असतं, संदर्भ?

सिस्टरने पेपरच्या चार प्रती घेतल्या. तिच्या धाकट्याला शाळेत आजोबांबद्दल बोलायचं होतं म्हणे. ती आता बाबांची दुप्पट काळजी घेते, आणि तिच्या वागण्यात एक नवी नरमाई आली आहे. तुम्ही माझ्या बापाचं ऐकायला हवं होतं, पण जाऊ दे, माफ केलं, अशी. मला ती बघवत नाही. बाबांना ती आवडते. काल ती म्हणाली, "मास्तरकाका, होते चूक माणसाकडून." आणि बाबा चक्क 'हो' म्हणाले.

आज सकाळी त्यांनी लेख वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला, माझ्याच बापाला, माझ्याच प्रकल्पातला लेख, शेवटपर्यंत, सगळ्या संदर्भांसकट. ते डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "त्या स्टेशनाला तेव्हा एकच फलाट होता, दोन लिहिलेत. तेवढं नीट करायला सांग." मग विचारलं, "छोट्या कधी येतोय?" मी म्हटलं, येईल. तुझ्या वतीने खोटं बोलले की काय ते तू ठरव.

तू ये. भांडायचं असेल तर ये, त्यांच्याशी भांड, माझं ते ऐकत नाहीत. मला हे एकटीने पेलवत नाही. सकाळी उठून त्या मुलीला चहा करून देते आणि ती माझ्या बापाला माफ करत बसलेली असते, आणि मला हसावं लागतं.

आणि हो, तुझी बंदी उठली. पाहिजे तर ये आणि ती वाक्यं उडव, मी उलटवणार नाही, शपथ. पण दुसरं कुणीतरी दोन मिनिटांत ती परत आणेल, आणि नियमाने त्याचंच बरोबर असेल. त्या दिवसाचा एकच साक्षीदार उरला होता, छोट्या. त्याने साक्ष दिली.

ताई